श्रीखंडाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या : खाणंपिणं, सवयी आणि कॅन्सरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे, ठाण्यात नौपाड्यात बसते. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून नेरुळ-खारघरच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांपर्यंत जिथे बोलावतील तिथे बोलायला जाते. लोक चारचौघांत हात वर करून विचारायला लाजतात, म्हणून भाषण झालं की श्रीखंडाचा रिकामा डबा फिरवते आणि चिठ्ठ्या टाकायला सांगते. खालचे प्रश्न त्या डब्यातले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. मायक्रोवेव्ह, नॉनस्टिक आणि साखर यांच्या चिठ्ठ्या दर वेळी ढिगाने निघतात. सुपारीची चिठ्ठी मात्र क्वचितच येते, आणि हॉलच्या दाराशी पानाचे तबक हमखास ठेवलेलं असतं.

थेट सांगा, खाण्यामुळे कॅन्सर होतो का?

एका जेवणामुळे, एका पदार्थामुळे होत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयींमुळे धोका वाढतो किंवा कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे आहेत. त्यात तंबाखू, दारू, वजन, हालचाल, आहार, काही विषाणू, प्रदूषण असं सगळं धरलेलं आहे. उरलेल्यात वय, अनुवंश आणि निव्वळ नशीब येतं. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतातच. वय वाढतं तशा त्या साचत जातात.

म्हणूनच "आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विड्या ओढत होते" हा मुद्दा मला पटत नाही. ठाणे स्टेशनात रूळ ओलांडणारा प्रत्येक जण गाडीखाली येत नाही, पण म्हणून कुणी पूल पाडा म्हणत नाही.

मग सगळ्यात आधी काय सोडायचं?

तंबाखू. दुसऱ्या क्रमांकावरचं काहीही त्याच्या जवळपाससुद्धा येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यातही धूर काढणाऱ्यांपेक्षा चघळणारे, लावणारे, दाढेत धरणारे जास्त, २१.४ टक्के. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर एवढा का दिसतो, याचं उत्तर इथेच आहे.

कुणी घरात सिगारेट ओढत असेल आणि तुम्ही मला ऑरगॅनिक पालक कुठे मिळतो असं विचारत असाल, तर पालकाचं नंतर बघू.

मी सिगारेट-बिडी काही करत नाही. फक्त मशेरी लावते. तेही दात घासायला.

ही चिठ्ठी मला घणसोली गावठाणातल्या एका कार्यक्रमात मिळाली. अक्षर शाळकरी मुलीचं होतं, आजीने नातीकडून लिहून घेतली असावी. नंतर त्या स्वतःच भेटल्या, साठीच्या आसपासच्या. त्यांनी मला सगळी रीत दाखवली. जुना तवा गॅसवर तापवायचा, त्यावर तंबाखूचं पान काळं होईपर्यंत भाजायचं, हाताने चुरायचं, पावडरच्या जुन्या डबीत भरून ठेवायचं. घरभर जो वास पसरतो तो ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. मग तर्जनीवर घेऊन दातांना लावायचं आणि तोंडात तसंच राहू द्यायचं. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, दुपारी झोपून उठल्यावर एकदा, रात्री भांडी झाल्यावर एकदा. "पोट साफ होतं," असं त्या म्हणाल्या.

पोट साफ होत असेलही, निकोटिनने आतड्यांना ढकलल्यासारखं होतं. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. भाजल्याने त्यातली कॅन्सरकारक द्रव्यं जळून जात नाहीत. दिवसातून चार वेळा लावणं म्हणजे दात घासणं नव्हे, ते व्यसन आहे. मी त्यांचा खालचा ओठ बाहेर वळवून टॉर्च मारला. बरोबर जिथे त्या मशेरी धरायच्या तिथे पांढरट, सुरकुतलेला चट्टा होता. असा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. पण हिरडीवर, गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, तर दंतवैद्याला दाखवायलाच हवी. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा.

सोडायचं कसं? एका फटक्यात जमलं तर उत्तम. नाही जमलं तर आधी सकाळची वेळ ब्रश-पेस्टला द्या, कारण "दात घासायला" ही सबब तिथेच संपते. मग दुपारची बंद करा. पोट साफ होत नाही ही तक्रार पहिले पंधरा दिवस होईल. त्यासाठी रात्री कोमट पाणी, भाकरी, पालेभाजी, पेरू, भिजवलेले मनुके. केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटावरच हा नंबर छापलेला असतो. पाकीट रोज हातात घेणाऱ्याच्याही लक्षात तो आलेला नसतो.

आमच्याकडे तंबाखू कुणी खात नाही. पानात नुसती सुपारी, कधी सुगंधी सुपारी. ती चालते ना?

नाही चालत. डब्यात ही चिठ्ठी क्वचितच येते म्हणून मीच प्रत्येक कार्यक्रमात हा विषय काढते.

जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आयएआरसी फ्रान्समध्ये ल्योंला आहे. त्यांनी सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, पहिल्या गटात टाकून वीस वर्षं होऊन गेली. पहिला गट म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं. सुपारीतल्या ॲरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतू वाढत जातात, गाल आतून चामड्यासारखा ताठ होतो. सुरुवातीला तिखट झोंबायला लागतं. मिसळीचा पहिला घास घेतला की डोळ्यात पाणी, आणि माणूस म्हणतो, हल्ली ॲसिडिटी वाढलीय. मग तोंड उघडणं कमी होतं. आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांच्या मध्ये घालून बघा. जात नसतील तर डॉक्टरांकडे जा. वडापाव दाबून चपटा करून खाणारा विशीतला मुलगा मी पाहिलेला आहे. त्याने कधी तंबाखू खाल्ला नव्हता, कॉलेजपासून सुपारीच्या पुड्या खायचा.

हा ताठरपणा पूर्ण मागे फिरत नाही. सुपारी थांबवली तर पुढे वाढणं मंदावतं, आणि व्यायाम-औषधांनी थोडं उघडतं. २०२२ सालासाठी संशोधकांनी केलेल्या अंदाजानुसार जगात तंबाखू-सुपारी चघळण्यामुळे तोंडाचे जे सुमारे १,२०,००० कॅन्सर झाले, त्यांतले ८३,००० हून अधिक एकट्या भारतातले होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण लग्नाच्या पंगतीनंतरच्या सुपारीवर कुणी बंदी घालणार नाही, ती आपणच घालायची.

पूजेला सुपारी ठेवा, माझी काही हरकत नाही. गणपती ती चघळत नाही.

रोज रात्री एकच पेग घेतो. हार्टला चांगला असतो असं वाचलंय.

पूर्वी तसं छापून यायचं खरं. त्यातल्या बऱ्याच पाहण्यांमध्ये "न पिणारे" म्हणून जे धरले होते, त्यांत आजारपणामुळे सोडलेलेही मिसळलेले होते. त्यामुळे पिणारे उगाच निरोगी दिसले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं की आरोग्यासाठी सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. कॅन्सरच्या बाबतीत तर आयएआरसीने १९८८ सालीच दारूला पहिल्या गटात टाकलं होतं.

पोटात गेलेल्या दारूचं ॲसिटाल्डिहाइड बनतं, ते डीएनएला चिकटून त्याची मोडतोड करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. बिअर, वाइन, देशी, स्कॉच, काहीही असो, अल्कोहोल तेच. "आम्ही फक्त बिअर घेतो" हे वाक्य मी आता चेहरा न हलवता ऐकते. आणि दारूबरोबर सिगारेट किंवा तंबाखू असेल तर दोघांच्या धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकाराकडे जातं.

आमच्याकडच्या हळदी कशा असतात हे ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. एका तरुणाने मला युक्ती सांगितली. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ग्लास हातात ठेवतो, त्यात सोडा आणि लिंबू. भरलेला ग्लास दिसला की कुणी आग्रह करत नाही.

मटण बंद करू का?

रविवारचं मटण बंद करायला मी कुणाला सांगितलेलं नाही. त्याचं प्रमाण बघा.

२०१५ मध्ये आयएआरसीने सॉसेज, सलामी, बेकन, हॅम असं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, आणि मटण, बीफ, पोर्क हे लाल मांस "बहुधा कॅन्सरकारक" म्हणून दुसऱ्या गटात. तेव्हा "सॉसेज सिगारेटएवढंच घातक" असले मेसेज फिरले, अजून फिरतात. ते चूक आहेत. गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे हे, धोका केवढा मोठा आहे हे नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. समजा शंभरातल्या दोघांना होणार असेल, तर तो आकडा अडीचच्या आतच राहतो. सिगारेटने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दोन्ही पहिल्या गटात, पण दोन्ही सारखे नव्हेत.

शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा. बहुतेक मराठी घरांत एवढं होतही नाही. मुलांच्या डब्यात रोज सलामी-सॉसेज जात असेल तर ते थांबवा. चिकन आणि मासे या हिशेबात धरलेले नाहीत. सुक्या बोंबलाबद्दल, सुकटीबद्दल कोळीवाड्यात नेहमी विचारतात. मिठात टिकवलेलं खूप आणि रोज खाणाऱ्यांना जठराच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसतो. म्हणून सुकं धुऊन, भिजवून, पाणी टाकून करा, वरून मीठ बेताने घाला, आणि रोज नको. सरंगा, बांगडा, मांदेली ताजी मिळत असताना रोज सुकं खायचं कारणही नाही.

साखर कॅन्सरला पोसते म्हणतात. चहा बिनसाखरेचा करू?

करा, वजनासाठी चांगलंच आहे. पण साखर बंद केल्याने कॅन्सरची उपासमार होत नाही. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते. तुम्ही साखर खाल्ली नाही तर शरीर भातापासून, डाळीपासून, शेवटी स्वतःच्या स्नायूंपासून ग्लुकोज बनवतं. साखरेचा खरा संबंध येतो तो पोटाच्या घेरामार्फत. गुळाला वेगळं पुण्य नाही, तीही साखरच.

आम्ही शुद्ध शाकाहारी, व्यसन नाही. आम्हाला कशाला काळजी?

उठून उभे राहा आणि शिवणकामाची टेप आणा.

हे मी खरंच करते, टेप पर्समध्ये असते. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत हवा. हॉलमध्ये हशा पिकतो, मग हळूहळू शांतता पसरते. बीएमआयसुद्धा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, आपल्यासाठी २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात.

चरबी म्हणजे नुसती साठवण नव्हे. पाळी थांबल्यानंतर बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होतं, आणि ते स्तनाच्या व गर्भाशयाच्या पेशींना वाढायला सांगत राहतं. पोटाच्या चरबीमुळे रक्तात इन्सुलिन चढं राहतं, तोही पेशींना वाढीचा इशारा. शिवाय शरीरात सतत बारीकशी सूज राहते. जादा वजनाचा संबंध असलेल्या १३ प्रकारच्या कॅन्सरची यादी आयएआरसीने २०१६ मध्ये दिली. मोठं आतडं, गर्भाशय, पाळीनंतरचा स्तनाचा कॅन्सर, मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड त्यात आहेत.

आणि शाकाहार म्हणजे काय, हेही बघू. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी, चहाबरोबर खारी, रात्री पुन्हा भात, आणि चतुर्थीला तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी. मांस नाही हे खरं. पण भाजी कुठे आहे? उपासाच्या दिवशी माझ्या बऱ्याच पेशंटच्या पोटात रोजच्यापेक्षा जास्त उष्मांक जातात. हा टोमणा मी मलाही मारते, कारण साबुदाणावडा मला अजिबात सोडवत नाही.

भाज्या-फळं नेमकी किती?

दिवसाला निदान ४०० ग्रॅम, बटाटा-रताळी सोडून. स्वयंपाकघरात तराजू नसेल तर दोन वाट्या शिजलेली भाजी, एक वाटी कोशिंबीर आणि दोन फळं असा हिशेब लावा. तंतू, म्हणजे फायबर, २५ ग्रॅम तरी. आहारात दर १० ग्रॅम फायबरमागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका जवळपास १० टक्क्यांनी कमी दिसतो. आतड्यातले जिवाणू फायबर आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, ते आतड्याच्या अस्तराचं खाद्य. ज्वारी-नाचणीची भाकरी, सालासकट डाळी, मटकी, चवळी, पेरू यांतून फायबर मिळतं. ज्यूसमधून गेलेलं असतं.

पावसाळ्यात ठाणे स्टेशनबाहेर शहापूर-मुरबाडकडच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या, आणि कशी करायची तेही त्यांनाच विचारा. शेवळं चुकीची केली तर घसा खाजतो. फवारणीची भीती वाटत असेल तर भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. फवारणीच्या भीतीने भाजी कमी खाणं हा तोट्याचा सौदा आहे.

हळदीचं दूध, गव्हांकुर, लक्ष्मणफळ, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या?

हळद भाजीत घाला, दुधात घाला, आवडत असेल तर. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर हळदीतलं कुर्कुमिन छान काम करतं, पण तोंडाने घेतलेलं रक्तात फार थोडं पोचतं. तिच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गव्हांकुराने कॅन्सर टळल्याचा पुरावा नाही. लक्ष्मणफळाचा अतिरेक मेंदूला घातक ठरू शकतो, अशी शंका कॅरिबियन बेटांवरच्या रुग्णांवरून घेतली गेलेली आहे.

गोळ्यांची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरातलं बीटा कॅरोटिन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल, असा अंदाज होता. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीतही असंच दिसलं आणि ती मध्येच थांबवावी लागली. गाजर खाणं आणि गाजरातला एक रेणू उपसून भरमसाट देणं यांत फरक आहे. कमतरता असेल तर ब१२, ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सांगण्यावरून जरूर घ्या, ते वेगळं.

मायक्रोवेव्ह? नॉनस्टिक? प्लॅस्टिकचे डबे? वडापावचा पेपर? करपलेली भाकरी?

ढिगाने येणाऱ्या चिठ्ठ्या एकदमच घेते.

मायक्रोवेव्हने अन्न किरणोत्सारी होत नाही, निर्धास्त वापरा, फक्त काचेच्या भांड्यात. नॉनस्टिक रिकामं तापवू नका, खरवडलं की टाकून द्या. उकळता चहा प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणू नका. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तेलकट खाणं अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही नको म्हटलंय, शाईत शिसं असू शकतं. भाकरीचा करपलेला पापुद्रा काढून टाका. चहा ६५ अंशांच्या वर, म्हणजे जीभ पोळेल इतका गरम, रोज घशाखाली ओतण्याची सवय अन्ननलिकेला वाईट. तळणीचं काळं पडलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका.

हे सगळं पाळा. पण हे सगळं मिळूनही एका तंबाखूच्या पुडीच्या पासंगाला पुरत नाही.

शेंगदाण्यांना बुरशी आली तर भाजून चालतात का?

हा प्रश्न डब्यात एकदाच निघाला आणि मला फार आनंद झाला, कारण तो खरोखर महत्त्वाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे डब्यातलं सगळं सादळतं. शेंगदाणे, मका, खोबरं यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते यकृताच्या कॅन्सरचं सिद्ध कारण आहे. हिपॅटायटिस बी असलेल्यांना तर जास्तच. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, काळपट, कडू लागणारे दाणे फेका. कडू दाणा तोंडात आला की थुंका, शिष्टाचार बघू नका. पावसाळ्यात किलोकिलोने न भरता पाव-पाव किलो आणा, आणि दाण्याचं कूट फ्रिजमध्ये ठेवा.

मी ऐरोलीला नाइट शिफ्ट करते. त्यानेही कॅन्सर होतो का?

रात्रपाळीला आयएआरसीने "बहुधा कॅन्सरकारक" म्हटलं आहे. पुरावा पक्का नाही, आणि नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही. रात्री दोन वाजता कँटीनमध्ये फ्राइड राइस खाण्याऐवजी घरून डबा न्या, मोठं जेवण शिफ्टच्या आधी घ्या. घरी आल्यावर जाड पडदे लावून झोपा. सकाळी झोपलेल्या सुनेला दाराची बेल वाजवून उठवू नये, हे मी सासूबाईंच्या कट्ट्यावर वेगळं सांगते.

रोज चालते. पुरेसं आहे?

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. तलावपाळीला गप्पा मारत एक फेरी आणि मग बाहेर पाणीपुरी, हे चालण्यात धरत नाही. पारसिक किंवा येऊरचा चढ मात्र धरते. बायकांनी आठवड्यातून दोनदा जोर लावायचा व्यायामही करावा. भरलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात.

वडिलांना कॅन्सर होता. मलाही होणारच का?

थेट वारशाने येणारे कॅन्सर ५ ते १० टक्केच. पण घरात दोन-तीन जणांना स्तनाचा, बीजकोशाचा किंवा आतड्याचा झाला असेल, तोही पन्नाशीच्या आत, तर जनुकीय सल्ला घ्या. बरेचदा वारशाने जनुकापेक्षा सवय आलेली असते. वडिलांची तंबाखूची डबी मुलाच्या खिशात.

यावर लस नाही का?

दोन आहेत. हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मल्यावरच देतात, ती यकृताच्या कॅन्सरपासून वाचवते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो. हे शोधणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. मुलींना ती लस ९ ते १४ या वयात दिलेली सर्वात चांगली. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक ही आपल्याकडचीच लस आहे. "एवढ्या लहान मुलीला कशाला?" या प्रश्नाचं उत्तर असं की विषाणूशी गाठ पडण्याआधीच ती द्यायची असते. आणि ज्या आया बाळाला अंगावर पाजतात त्यांचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी होतो, वर्षभराच्या पाजण्यामागे ४ टक्क्यांच्या आसपास.

तपासणीला कुठे जायचं? पहिलं टाटालाच का?

नाही. तिशी ओलांडलेल्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आधी जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा. काही सापडलं तर पुढे परळचं टाटा मेमोरियल, खारघरचं त्यांचंच ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे.

या साध्या तपासण्यांना कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर दीर्घ अभ्यास केला. दहावी शिकलेल्या स्थानिक मुलींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून बघायचं, पांढरं झालं तर पुढे पाठवायचं. एवढ्याने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनांच्या हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

आणि शौचातून रक्त पडलं की "मूळव्याध असेल" म्हणून मेडिकलमधून मलम आणून गप्प बसू नका. असेलही मूळव्याध. पण ते डॉक्टरने बघून सांगू दे.

घरात उपचार सुरू आहेत. आता काय खायला द्यायचं?

प्रतिबंधाचे नियम इथे लावू नका. केमो सुरू असताना वजन उतरू न देणं हेच मोठं काम असतं. दूध, डाळ, पूर्ण शिजवलेली अंडी, पनीर, मासे, जे जाईल ते थोडं थोडं द्या. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा रस टाळा. नातेवाइकांनी सांगितलेला काढा देण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, काही वनस्पती औषधांच्या आड येतात. आणि पेशंटसमोर "तू मटण खायचास म्हणून झालं" असं कुणी बोलत असेल तर त्या पाहुण्याला चहा न विचारता बाहेर पाठवा.

सुपारी नाही, तंबाखू नाही. मग जेवण झाल्यावर तोंडात काय टाकायचं?

हे घणसोलीच्या त्याच आजींनी मशेरी सोडल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात फोन करून विचारलं होतं. भाजलेली बडीशेप, ओवा, तीळ, किसून वाळवलेलं आवळ्याचं सुपारीसारखं दिसणारं चूर्ण, लवंग, वेलची. बाजारचा मुखवास घेतलात तर पाकीट उलटं करून बारीक अक्षर वाचा, त्यात बऱ्याचदा सुपारीचे तुकडे असतात. आजींनी आता जुन्या पावडरच्या डबीत ओवा भरून ठेवलाय. डबी बदला, वास जात नसेल, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "डबी तीच पाहिजे गं, हाताला सवय आहे."